सिव्हिलायझेशन सिक्स नव्यानेच खेळताय? पहिले ५० टर्न सांभाळा, जुन्नर-आंबेगावचा नकाशा मदतीला आहे!

गेम डाउनलोड होतो. मित्र सांगतो, "भारी आहे, खेळून बघ." तुम्ही शहर वसवता, समोर येईल ते बांधत सुटता. शंभराव्या टर्नपर्यंत सगळं छान वाटतं. मग लक्षात येतं की शेजारच्या राजाकडे बंदुका आल्यात आणि आपले लोक अजून धनुष्यबाण घेऊन फिरतायत. दोन डाव असे गेले की बरेच जण गेम काढून टाकतात. "आपल्याला नाही जमत," एवढंच कारण.

खरं कारण वेगळं असतं. या गेममध्ये शंभराव्या टर्नला जे बिघडतं, त्याची चूक बहुतेक वेळा पहिल्या ५० टर्नमध्ये झालेली असते. गेम मात्र ते तोंडाने सांगत नाही. म्हणून नवीन खेळाडूंना पडणारे नेहमीचे प्रश्न एकेक करून बघू. उदाहरणं लांबची कशाला? मंचरजवळच्या अवसरी खुर्दपासून जुन्नरपर्यंतचा आपला भागच घेऊ. नदी, डोंगर, घाट, किल्ला, सगळं इथे आहे.

आधी हा गेम आहे तरी काय?

सिड मायर यांचा पहिला 'सिव्हिलायझेशन' १९९१ मध्ये आला. सहावा भाग फिरॅक्सिस कंपनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये आणला. सातवा फेब्रुवारी २०२५ मध्ये आलाय, पण इथे आपण सहाव्याबद्दल बोलतोय.

इसवी सन पूर्व ४००० मध्ये तुमच्या हातात एक सेटलर, म्हणजे वस्ती करणारा गट, आणि एक योद्धा असतो. तिथून अवकाशयुगापर्यंत जायचं. बुद्धिबळासारखं आधी तुमची पाळी, मग इतरांची. घाई नाही, घड्याळ नाही. स्टँडर्ड वेगाचा पूर्ण डाव ५०० टर्नचा असतो, ऑनलाइन वेगाचा २५०. पहिल्या डावाला ऑनलाइन वेग आणि छोटा नकाशा घ्या, म्हणजे डाव संपलेला तरी बघायला मिळेल.

जिंकायचे मार्ग अनेक आहेत: विज्ञान, संस्कृती, धर्म, सगळ्यांच्या राजधान्या जिंकणं, आणि 'गॅदरिंग स्टॉर्म' हा जोडभाग असेल तर मुत्सद्देगिरीसुद्धा.

कुठली लेव्हल निवडायची?

एकूण आठ लेव्हल आहेत. चौथी, म्हणजे 'प्रिन्स', समान पातळीची. तिथे कॉम्प्युटरला जास्तीची मदत मिळत नाही. त्याच्या वर गेलात की कॉम्प्युटरला फुकटचे फायदे मिळायला लागतात. सगळ्यात वरच्या 'डेइटी'वर तर तो तीन सेटलर घेऊन सुरुवात करतो आणि तुमच्याकडे असतो एक. त्यामुळे पहिला डाव 'वॉरलॉर्ड' किंवा 'प्रिन्स'वर खेळा.

पहिलं शहर कुठे वसवायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर एका शब्दात सांगायचं तर पाणी.

आंबेगावातून घोड वाहते, जुन्नरमधून कुकडी आणि मीना. जुनी गावं आणि बाजारपेठा या नद्यांच्या आसपास का वाढल्या, हे वेगळं सांगायला नको. गेममध्येही हेच गणित आकड्यांत आहे. नदी किंवा तळ्याच्या काठी शहर वसवलं तर सुरुवातीलाच ५ हाउसिंग मिळतं. समुद्रकिनारी ३ आणि कोरड्या जागी फक्त २. हाउसिंग म्हणजे किती लोक आरामात राहू शकतात त्याची मर्यादा. ती जवळ आली की लोकसंख्या वाढायचा वेग मंदावतो. कोरड्या जागेचं शहर तिसाव्या टर्नलाच अडकतं आणि खेळाडूला वाटतं शेती कमी पडली!

नदीकाठी टेकडी मिळाली तर आणखी उत्तम. टेकडीवरच्या शहराला बचावात फायदा होतो आणि मैदानी टेकडी असेल तर उत्पादनही जास्त मिळतं. चांगली जागा शोधायला एकदोन टर्न गेले तरी चालतील. दहा टर्न मात्र घालवू नका.

पहिल्या ५० टर्नमध्ये बांधायचं काय?

नवखा खेळाडू इथे एक ठरलेली चूक करतो. एकच शहर सजवत बसतो, त्यात आश्चर्य बांधायला घेतो. तोपर्यंत शेजाऱ्याची चार शहरं झालेली असतात.

सोपा क्रम लक्षात ठेवा. आधी एक स्काउट, मग एक गोफणवाला, म्हणजे स्लिंगर, आणि मग सेटलर. सेटलर तयार करायला शहराची लोकसंख्या किमान २ लागते आणि तो बाहेर पडला की १ ने कमी होते. पुढचा प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा महाग पडतो, म्हणून उशीर करू नका. स्टँडर्ड वेगात पन्नासाव्या टर्नपर्यंत तीन शहरं, हे लक्ष्य ठेवा.

दोन शहरांच्या मध्ये किमान तीन घरं मोकळी ठेवावी लागतात. त्यापेक्षा फार लांबही जाऊ नका. लांबचं शहर सांभाळणं अवघड जातं.

बार्बेरियन सारखे का येतात?

कारण तुम्ही त्यांच्या हेराला जाऊ दिलं. बार्बेरियनांचा स्काउट आधी तुमचं शहर बघतो, परत तळावर जातो आणि मग टोळी सुटते. तो परत पोहोचायच्या आत गाठून मारला तर संकट टळतं. शिवाय जो भाग तुमच्या नजरेत आहे तिथे नवा तळ उगवत नाही. म्हणून एखादा योद्धा टेकडीवर पहाऱ्याला उभा करा. जुन्या काळी डोंगरमाथ्यांवर चौक्या का असायच्या, ते इथे नीट कळतं.

डोंगर म्हणजे वाया गेलेली जागा का?

अजिबात नाही. डोंगरावर शेती होत नाही, सैन्यही चढत नाही. पण शेजारी 'कॅम्पस' हा विज्ञानाचा विभाग बांधला तर प्रत्येक डोंगरामागे १ विज्ञान जास्त मिळतं. तीन डोंगरांच्या कुशीतला कॅम्पस सुरुवातीच्या काळात डाव फिरवू शकतो.

याचं खरं उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. शहरी रेडिओ गोंगाटापासून दूर, डोंगरांनी वेढलेली जागा म्हणून हा भाग निवडला गेला. विज्ञानालाही जागा बघावी लागते.

एक मर्यादा लक्षात असू द्या. शहरात पहिला विभाग १ लोकसंख्येवर बांधता येतो, दुसरा ४ वर, तिसरा ७ वर. त्यामुळे प्रत्येक शहरात सगळं बांधायचा हट्ट नको. डोंगराजवळ कॅम्पस, नदीकाठी बाजार, म्हणजे 'कमर्शियल हब'. नदीला लागून असला तर त्याला २ सोनं जास्त मिळतं.

व्यापारी कधी पाठवायचे?

'फॉरेन ट्रेड' हा टप्पा पूर्ण झाला की पहिला व्यापारी मिळवता येतो, आणि तो लगेच घ्या. व्यापारी जिथून जातो तिथे रस्ता आपोआप तयार होतो. तुमच्याच दुसऱ्या शहराकडे पाठवला तर अन्न आणि उत्पादन वाढतं, परक्या शहराकडे पाठवला तर मुख्यतः सोनं मिळतं. नवीन शहर लवकर उभं करायचं असेल तर तिथून व्यापारी राजधानीकडे पाठवा.

सातवाहन काळात कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटात आजही दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. घाटवाट हातात असणं म्हणजे काय, ते त्या रांजणावरून समजतं. गेममध्येही दोन डोंगररांगांमधली एकच वाट दिसली तर तिथे शहर टाका. व्यापारही तुमचा, अडवणूकही तुमची.

संशोधन लवकर कसं होईल?

'युरेका'कडे बघा. प्रत्येक शोधाखाली एक छोटं काम लिहिलेलं असतं. ते केलं की सध्याच्या आवृत्तीत त्या शोधाचा ४० टक्के खर्च वाचतो. दगडाची खाण केली तर 'मेसनरी', स्लिंगरने शत्रू मारला तर 'आर्चरी', दुसऱ्या संस्कृतीची भेट झाली तर 'रायटिंग'. नवखे खेळाडू हे वाचतच नाहीत आणि विनाकारण जास्त वेळ वाट बघतात.

भारत घेऊन खेळलं तर?

जरूर खेळा. गांधीजी मूळ गेममध्ये आहेत. चंद्रगुप्त मौर्य २०१८ च्या 'राइज अँड फॉल' या जोडभागात आले. भारताला 'स्टेपवेल', म्हणजे आपली बारव, बांधता येते. त्याने अन्न आणि हाउसिंग दोन्ही वाढतं. कोरड्या शहरावर हा चांगला उतारा आहे. मराठा साम्राज्य मात्र सहाव्या भागात स्वतंत्र संस्कृती म्हणून नाही.

आणि हो, 'गेममधल्या चुकीमुळे गांधीजी अणुबॉम्ब टाकायचे' हा प्रसिद्ध किस्सा खरा नाही. पहिल्या गेममध्ये तसा बग नव्हता, असं खुद्द मायर यांनी २०२० च्या आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय. पुढच्या भागांमध्ये तो विनोद मुद्दाम घातला गेला.

लॅपटॉप साधा आहे, पैसेही कमी आहेत. मग?

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात असो की आणखी कुठे, हॉस्टेलवर प्रत्येकाकडे गेमिंग लॅपटॉप नसतो. काही उपाय:

- 'स्ट्रॅटेजिक व्ह्यू' चालू करा. नकाशा सपाट दिसतो आणि मशीनवरचा ताण कमी होतो.
- 'हॉटसीट' वापरून एकाच लॅपटॉपवर मित्र पाळीपाळीने खेळू शकतात.
- मोबाइलवर 'अनसिव्ह' हा मोफत, ओपन सोर्स गेम आहे. तो पाचव्या भागाच्या धर्तीवर बनलाय. चित्रं साधी, पण डोकं तेवढंच लागतं.
- स्टीमवर विकत घेतलात आणि आवडला नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. या गेमचे दोन तास कधी संपतात ते कळत नाही, तेव्हा घड्याळ बघा.

घड्याळाची गोष्ट परीक्षेच्या दिवसांतही लागू आहे. 'आणखी एक टर्न' म्हणत पहाट करायला लावणारा गेम, अशीच याची ख्याती आहे. बसण्याआधी ठरवा, आज अमुक टर्नला थांबायचं.

शेवटची टीप. २५, ५० आणि १०० व्या टर्नला स्वतः सेव्ह करून ठेवा. डाव हरलात तर नवा सुरू करायची घाई नको. आधी ५० व्या टर्नची सेव्ह उघडा आणि चार गोष्टी बघा: शहरं किती होती, पाण्याजवळ किती होती, डोंगराशेजारची जागा रिकामी राहिली का, आणि व्यापारी निघाला होता का. बहुतेक वेळा हरण्याचं कारण तिथेच सापडतं, आणि पुढचा डाव तिथूनच सुधारतो.