मधल्या चार घरांची गोष्ट

रविवारी सकाळी क्लबात पोचलं की पहिलं काम खिडक्यांचे पडदे ओढायचं. मग चार जण मिळून भिंतीला टेकवलेले काळे फळे उतरवतात, जमिनीवर जोडून मोठा चौरस मांडतात आणि भोकांत खुंट्या रोवून त्यांच्या खाचांत पांढऱ्या पट्ट्या बसवतात. सोळा घरं उभी, सोळा आडवी. प्रत्येक घर 18 सेंटिमीटरचं, भिंत 5 सेंटिमीटर उंच. तिच्या बाजू पांढऱ्या, माथा लाल. कोपऱ्यातल्या घरात तळहाताएवढी गाडी ठेवायची, बटण दाबायचं आणि हात मागे घ्यायचा. त्यानंतर तिला वाट दाखवायची नाही. भिंती हुडकत, त्या लक्षात ठेवत तिनं आपलं आपण मधल्या चार घरांत जाऊन पोचायचं. या गाडीला जगभर मायक्रोमाउस म्हणतात. आम्ही नुसतं ‘उंदीर’ म्हणतो.

नवी मुलं येतात ती मोटर केवढी, सेन्सर कुठला, बॅटरी किती वेळ पुरते, असं विचारतात. गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीनं वेगळंच विचारलं. “काका, मध्येच का पोचायचं? समोरच्या कोपऱ्यात का नाही?” इतकी वर्षं पट्ट्या बसवतोय, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि उंदराची सगळी कुळकथा या एका प्रश्नात आहे.

या कुळाचा मूळपुरुष 1950 सालचा. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी तो घरी बनवला. वायरी जोडायला पत्नी बेटी होत्या. माहितीचं मोजमाप ‘बिट’मध्ये करण्याचं गणित दोनच वर्षांपूर्वी जगापुढे मांडणारे ते हेच शॅनन. उंदराचं नाव थीसिअस, ग्रीक पुराणातल्या चक्रव्यूहात शिरून परत आलेल्या वीराचं. लाकडी अंग, तांब्याच्या मिशा, पोटात लोहचुंबक. पंचवीस घरांचा पट, त्यावर हव्या तशा हलवता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भिंती. मिशी भिंतीला टेकली की उंदीर मागे सरकायचा, वळायचा, दुसरी दिशा धरायचा. धडपडत एकदा लक्ष्यापाशी पोचला की दुसऱ्या खेपेला कुठेही न अडखळता सरळ जायचा.

पण थीसिअसच्या अंगात अक्कल नव्हती. पटाखाली दोन मोटरींवर चालणारा विद्युतचुंबक होता आणि तोच वरच्या उंदराला ओढून नेई. आठवण राहायची ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या रिलेंमध्ये. प्रत्येक घरासाठी एवढीच नोंद: शेवटच्या वेळी उंदीर इथून कुठल्या दिशेनं बाहेर पडला. चार दिशा, म्हणजे घराला दोन बिट. इतक्या तुटपुंज्या आठवणीवर अख्खी वाट पाठ होते, हे मला आजही थक्क करतं. बेल ही टेलिफोनची कंपनी. तारांच्या जंजाळातून एका फोनपासून दुसऱ्यापर्यंत वाट शोधणं हाच तिथला रोजचा प्रश्न होता, आणि शॅनन तोच प्रश्न पटावर मांडून दाखवत होते.

1951 साली न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत त्यांनी हे यंत्र चालवून दाखवलं, तेव्हा त्याचा एक दोषही सांगितला. भिंती हलवल्या की जुन्या नोंदी कधीकधी उंदराला गोल गोल फिरवायच्या. या घरातून त्या घरात, तिथून पुन्हा इथे. आपल्याकडे रात्री रानात वाट चुकून माणूस त्याच त्या झाडापाशी परत आला की ‘चकवा लागला’ म्हणतात. थीसिअसला लागायचा तो हाच. त्यावर उतारा म्हणून शॅनन यांनी पावलं मोजणारी जोडणी केली होती. ठरावीक पावलांत लक्ष्य सापडलं नाही, तर जुनी आठवण बाजूला ठेवून उंदीर नव्यानं चाचपडायला लागायचा.

पुढे पाव शतक हा प्रकार प्रयोगशाळांच्या आसपासच राहिला. छंद म्हणून घरोघर पोचला तो मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर, कारण आता पटाखालची अक्कल उंदराच्या पाठीवर बसवता येऊ लागली. 1977 साली आयईईई स्पेक्ट्रम या अभियंत्यांच्या मासिकानं स्पर्धा जाहीर केली: स्वतःच्या बुद्धीनं भूलभुलैया पार करणारा उंदीर बनवा. सुमारे सहा हजार नावं आली. 1979 साली न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीत उतरले ते पंधरा. बाकीच्यांचे सर्किट जळाले, प्रोग्रॅम फसले, काहींची गाडी कागदावरच राहिली. पहिला उंदीर बनवताना आमच्यापैकी बहुतेकांचं जे होतं, तेच.

त्या फेरीत वेगानं बाजी मारली ती एका अडाणी उंदरानं. त्या पटात आत जायचं दार कडेला आणि बाहेर पडायचं दारही कडेला होतं. असा पट सोडवायला आठवण लागत नाही. एक हात भिंतीला लावायचा आणि तो न उचलता चालत राहायचं. बाहेरची भिंत सलग असल्यामुळे कधी ना कधी दुसरं दार येतंच. नकाशा मांडणारे, हिशोब करणारे हुशार उंदीर विचार करत राहिले आणि भिंत चाटत सुटलेलं यंत्र निघून गेलं.

दोष त्या यंत्राचा नव्हता, पटाचा होता. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ पॉलिटेक्निकचे जॉन बिलिंग्स्ली यांनी तो ओळखला. 1980 साली लंडनमध्ये युरोमायक्रो परिषदेसोबत त्यांनी स्पर्धा भरवली तेव्हा नियम बदलला: सुरुवात कोपऱ्यातून, लक्ष्य पटाच्या मध्यावर. मधल्या चार घरांभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतीपासून तोडून ठेवल्या, म्हणजे मध्य हे पाण्यातलं बेट झालं. आता भिंतीचा हात न सोडणारा उंदीर किनाऱ्यानं सगळी प्रदक्षिणा घालतो आणि निघाला त्याच कोपऱ्यात परत येतो. बेटावर जायचं तर हात सोडावा लागतो. हात सोडला की चकवा लागू शकतो, आणि चकवा टाळायचा तर आपण कुठे आहोत हे ठाऊक असावं लागतं. लंडनला निक स्मिथ यांचा ‘स्टर्लिंग माउस’ जिंकला. तो मध्याला पोचला आणि आपण पोचलो हे त्याला कळलं. माझ्या मते मायक्रोमाउसचा खरा जन्म त्या दिवशीचा.

ठाऊक असणं म्हणजे काय, हे मुलांना मी मळ्यातलं पाणी सांगून समजावतो. ज्यांनी दारं धरली आहेत त्यांना पटकन कळतं. मधल्या चार घरांत पाणी सोडलं असं समजा. तिथे आकडा शून्य. पाणी शेजारच्या घरांत गेलं की तिथे एक, त्यापुढे दोन, असं वाढत वाढत ते उंदराच्या कोपऱ्यापर्यंत येतं. उंदरानं फक्त एवढं करायचं: शेजारच्या घरांपैकी ज्याचा आकडा कमी, तिकडे जायचं. सुरुवातीला त्याला एकही भिंत माहीत नसते, म्हणून तो वाट मोकळीच धरून चालतो. भिंत दिसली की तिथे बांध पडला. मग पाणी पुन्हा सोडायचं, ते बांधाला वळसा घालून येतं, आकडे बदलतात, उंदीर नव्या उताराला लागतो. पट 256 घरांचा, त्यामुळे घराचा पत्ता नेमका एका बाइटमध्ये मावतो. आठ बिटांच्या साध्या चिपवरही हा हिशोब उंदीर चालता चालता होतो.

मध्य सापडला तरी उंदीर थांबत नाही. परत येताना न पाहिलेल्या गल्ल्या धुंडाळतो, कारण पहिल्यांदा सापडलेली वाट सगळ्यांत जवळचीच असेल असं नाही. ही सर्च रन. कोपऱ्यात आल्यावर वळतो, क्षणभर स्थिर होतो आणि मग सुसाट सुटतो. ही स्पीड रन, आणि मोजली जाते ती सर्वांत चांगली वेळ.

पुढची वाढ मुख्यतः जपानमध्ये झाली. तिथे 1980 पासून राष्ट्रीय स्पर्धा भरते. 1985 साली त्सुकुबाला जागतिक स्पर्धा झाली आणि नोरिको-1 हा जपानी उंदीर जिंकला. अमेरिकेत एमआयटीच्या डेव्ह ओटन यांच्या ‘मिटी माउस’नं जिन्यासारख्या लागोपाठच्या वळणांतून तिरपं धावण्याची रीत गाजवली. मग पोटाखालची हवा खेचून चाकं जमिनीला चिकटवणारे छोटे पंखे आले आणि धाव आणखी वेगवान झाली. 2009 पासून जपानमध्ये निम्म्या मापाच्या घरांचा, 32 बाय 32चा पटही आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये ही स्पर्धा होऊ लागली आणि इंजिनीअरिंगच्या मुलांमधून उंदीर आमच्यासारख्या क्लबांत शिरला. मूळच्या सोळा बाय सोळाच्या पटाचा मध्य मात्र कुणी हलवला नाही.

आता पडद्यांचं. उंदीर भिंत पाहतो ती इन्फ्रारेड प्रकाश टाकून, परत किती येतो ते मोजून. उन्हात इन्फ्रारेड भरपूर. खिडकीतून कवडसा पडला की उंदराला नसलेली भिंत दिसते, तिथे खोटा बांध पडतो आणि सगळे आकडे बिघडतात. म्हणून उंदराचा इन्फ्रारेड दिवा बंद ठेवून एकदा मोजायचं, लावून पुन्हा मोजायचं आणि वजाबाकी करायची. तरीही ऊन थेट सेन्सरवर आलं तर मोजायला काही उरतच नाही.

त्या मुलीला मी यातलं काही लगेच सांगितलं नाही. तिचा पहिला उंदीर उजवी भिंत धरून चालणारा होता. सगळ्यांचा पहिला तसाच असतो. म्हटलं, सोड त्याला. तो निघाला, गल्लीबोळांत शिरून बाहेर आला, मधल्या घरांपासून एका भिंतीवर असताना वळला आणि बऱ्याच वेळानं निघाला त्याच कोपऱ्यात येऊन पुन्हा त्याच वाटेला लागला. दुसऱ्या फेरीत ती पटाच्या कडेला उकिडवी बसून बोटानं हवेत त्याचा माग काढत होती. तिसऱ्या फेरीत तिनं त्याला उचललं.

“हा भिंत सोडतच नाही, काका,” ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडून बसली.