कोणी किती लिहिलं? – एका मोजदादीची गोष्ट

आमच्याकडे मार्च उजाडला की अप्रेजलचे वारे वाहू लागतात. यंदा मॅनेजरने मला बाजूला घेऊन म्हटलं, "गिटमधून टीमचे वर्षभराचे आकडे काढून दे ना जरा. कोणी किती काम केलंय ते दिसेल." म्हटलं, त्यात काय! गिटला एक ओळीची कमांड दिली की प्रत्येकाच्या नावापुढे कमिटची संख्या येते, तीही उतरत्या क्रमाने. चहा थंड व्हायच्या आत यादी तयार.

अकरा जणांत मी तिसरा! खोटं कशाला बोला, बरं वाटलं. मग खाली नजर गेली. दहाव्या नंबरावर आमचे दादा. टीममधले सर्वात सिनियर, सगळे त्यांना दादाच म्हणतात. गेल्या दिवाळीत माझ्या कोडमुळे ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे कापले गेले असते, ते रिव्ह्यूमध्ये पकडलं होतं ते यांनीच. त्या पकडण्याची गिटमध्ये नोंद काय? शून्य. आणि माझ्या तिसऱ्या नंबरात फोल्डरांची नावं बदलल्याचे चाळीसेक कमिट होते ते वेगळंच.

तरीही यादी मी पाठवून दिली. शुक्रवारची संध्याकाळ होती हो... पण शनिवारभर ती यादी डोक्यातून जाईना. मग म्हटलं, आपल्या अकरा जणांचं सोडा, जिथे हजारो लोक काम करतात तिथे हा हिशोब कसा ठेवतात? लिनक्स कर्नलचा इतिहास उघडून बसलो, आणि दोन दिवस त्यातच गेले. त्याचीच ही गोष्ट.

तर मंडळी, ऑगस्ट १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय असं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये आलेली ०.०१ आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची. तेव्हा कोणी लिहिलं हा प्रश्नच नव्हता. मार्च १९९४ मध्ये १.० आली तोपर्यंत ओळी झाल्या होत्या सुमारे पावणेदोन लाख, आणि सोबत 'क्रेडिट्स' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल होती. त्यात सुमारे ऐंशी जणांची नावं. लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून नावं छापतात ना, तसाच प्रकार. कोणी मांडव घातला आणि कोणी फक्त नाव दिलं हे त्यावरून कळायचं नाही. ही यादी अपुरी आहे हे त्या फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे.

काम चालायचं ईमेलवर. बदल लिहायचा, पॅच बनवायचा, पाठवायचा. लायनसला पटला तर तो आपल्या प्रतीत घालणार, नाहीतर पुन्हा पाठवा. कोणता बदल कोणाचा याची पद्धतशीर नोंद कर्नलच्या कोडसोबत राहत नव्हती. १९९८ पर्यंत पॅचांचा इतका पूर आला की चांगले पॅचसुद्धा हरवू लागले, आणि एका माणसाला हे झेपणार नाही अशी भांडणं सुरू झाली.

बाहेरच्या अभ्यासकांना मात्र मोजायचं होतंच. फुकट काम करणारे हे लोक आहेत तरी कोण? २००० साली ऋषभ अय्यर घोष आणि विपुल वेद प्रकाश या दोघा भारतीयांनी एक मोठी शिरगणती केली. तीन हजारांहून जास्त प्रोजेक्टांचा सोर्स कोड घेतला आणि त्यातल्या कॉपीराइटच्या नि श्रेयाच्या ओळी एका प्रोग्रॅमने वाचून काढल्या. १२,७०६ लेखक सापडले, आणि त्यांतल्या वरच्या १० टक्क्यांच्या नावावर जवळजवळ ७२ टक्के कोड निघाला. पण गंमत बघा. यादीत पहिला नंबर कोणाचा? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा! ही संस्था आपल्या अनेक प्रोजेक्टांसाठी लेखकांकडून कॉपीराइट लिहून घ्यायची. म्हणजे कोड लिहिला माणसांनी, आणि सातबारावर नाव लागलं संस्थेचं.

त्याच सुमारास मॉकस, फील्डिंग आणि हर्ब्सलेब या तिघांनी अपाचे वेब सर्व्हरचा अभ्यास केला. तिथे बदलांची नोंद होती, त्यामुळे आकडे जास्त नेमके आले. वरच्या १५ जणांनी ८३ टक्क्यांहून जास्त बदल केले होते. इथवर वाचून कोणीही म्हणेल, पंधराच लोक कामाचे, बाकीची नुसती गर्दी. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. चुका कळवणारे लोक होते ३,०६०. कोड लिहिणारे मूठभर, आणि तो वापरून 'इथे मोडतंय' म्हणून सांगणारे हजारो. आता यातलं योगदान कोणतं धरायचं?

कर्नलला व्यवस्थित वही मिळाली ती २००२ मध्ये, बिटकीपर या व्यावसायिक प्रणालीच्या रूपात. मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर खटला भरला. आमचा कोड लिनक्समध्ये घुसवला, असा आरोप होता. आता 'कोणी लिहिलं' हा प्रश्न कौतुकाचा न राहता कोर्टाचा झाला. त्यावर तोडगा म्हणून मे २००४ मध्ये लायनसने नवा नियम सुचवला. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं म्हणून प्रत्येकाने पॅचखाली सही करायची. तो पॅच ज्या मेंटेनरच्या हातून पुढे जाईल त्यानेही खाली सही करायची. सरकारी फायलीवर टेबलागणिक सह्या पडतात ना, अगदी तसं! पण त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाली. लिहिणाऱ्याबरोबर तपासून पुढे पाठवणाऱ्याचंही नाव कायमचं टिकू लागलं.

एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरची फुकट सोय बंद झाली आणि लायनसने स्वतःच गिट लिहायला घेतलं. दोनेक आठवड्यांत कर्नल गिटमध्ये आलासुद्धा. पण येताना जुना इतिहास बरोबर आणला नाही. २.६.१२-आरसी२ ही आवृत्ती एकाच अवाढव्य कमिटमध्ये टाकली आणि त्यावर नाव लायनसचं. परिणाम असा, की २००५ नंतर कोणीही न बदललेल्या एखाद्या ओळीवर आज 'गिट ब्लेम' चालवलं तर उत्तर येतं, टोरवाल्ड्स! ती ओळ १९९७ मध्ये कुठल्या तरी भलत्याच माणसाने रात्र जागून लिहिलेली असेल. वहीत त्याचं नाव नाही, कारण वहीच नंतर उघडली. (गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा अशी दोन वेगळी नावं ठेवायची सोय आहे, पण हे आधीचं कर्ज त्याने फिटत नाही.)

मग फेब्रुवारी २००७ मध्ये एलडब्ल्यूएनच्या जोनाथन कॉर्बेट यांनी २.६.२० ही आवृत्ती नक्की कोणी लिहिली याचा हिशोब गिटमधून काढून छापला. दोन याद्या होत्या. एक बदलांच्या संख्येनुसार, दुसरी ओळींनुसार. दोन्हींतली वरची नावं वेगवेगळी! शिवाय कोण कुठल्या कंपनीत आहे तेही जोडलं. ईमेलच्या पत्त्यावरून ओळखायचं, नाही जमलं तर सरळ त्या माणसाला विचारायचं. २००८ मध्ये लिनक्स फाउंडेशनने याच पद्धतीचा मोठा अहवाल काढला. ७० टक्क्यांहून जास्त काम पगारी लोकांचं निघालं. घरी बसून हौसेने लिहिणाऱ्या पोरांचं लिनक्स ही कल्पना तिथेच मोडली. तरी कंपन्यांच्या यादीत सर्वात वर कंपनी नव्हतीच. सुमारे १४ टक्के बदल 'कोणाच्याही नोकरीत नसलेल्यांचे' आणि सुमारे १३ टक्के 'माहीत नाही'. रेड हॅट त्यानंतर, ११ टक्क्यांवर. मला हा अहवाल आवडला तो या 'माहीत नाही' मुळे. जे कळलं नाही त्यासाठी त्यांनी वेगळा रकाना ठेवला, ते कोणाच्या तरी नावावर खपवलं नाही. २०१७ च्या अहवालात बिनपगारी वाटा ८.२ टक्क्यांवर आलेला दिसतो. कारणही साधं आहे, ज्याला कर्नलचं काम येतं त्याला फार दिवस कोणी बिनपगारी राहू देत नाही :-)

आता या आकड्यांचे खेळ बघा. २०११ मध्ये ३.० आवृत्तीत सर्वाधिक बदल कोणाचे होते? के. वाय. श्रीनिवासन यांचे, आणि ते कुठे होते? मायक्रोसॉफ्टमध्ये! बातमी जगभर गाजली. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये दिलेला हायपर-व्ही ड्रायव्हरचा कोड कर्नलच्या दर्जाला आणायची साफसफाई चालू होती आणि ती छोट्या छोट्या शेकडो पॅचमध्ये केली गेली. काम खरंच झालं होतं, फक्त त्या नंबराचा अर्थ लोकांनी लावला तो नव्हता. ओळी मोजल्या तर वेगळीच तऱ्हा. २०२० च्या सुमारास कर्नलच्या एकूण ओळींपैकी जवळजवळ दहावा हिस्सा एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा होता, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे यंत्राने आपोआप तयार केलेल्या हेडर फायली.

म्हणून २००७ पासून पॅचखाली 'तपासलं', 'चालवून पाहिलं', 'चूक कळवली' अशाही नोंदींना रीतसर जागा मिळत गेली, आणि कॉर्बेट यांच्या हिशोबात त्यांच्याही याद्या येऊ लागल्या. हल्ली चुका कळवणाऱ्यांच्या यादीत वर असतो तो सिझबॉट, गूगलचा एक प्रोग्रॅम. माणूसच नाही!

आपल्या मराठीतही हेच दुखणं आहे. ग्नोमसारख्या मोफत सॉफ्टवेअरचा मराठी अनुवाद ज्या फायलींत असतो, त्यांच्या डोक्यावर एक रकाना असतो 'शेवटचा अनुवादक'. हजार वाक्यं एकाने केली आणि शेवटी एक काना-मात्रा दुसऱ्याने सुधारली, तर त्या रकान्यात नाव दुसऱ्याचं. आधीच्यांची नावं वर टीपेत लिहायची पद्धत आहे, पण लिहिली तर!

असो. रविवारी रात्री मी दुसरी यादी बनवली. आमचे रिव्ह्यू वेगळ्या टूलमध्ये असतात, तिथून काढली. वर्षातल्या जवळजवळ निम्म्या बदलांवर दादांची नजर फिरलेली होती. कमिटच्या शेजारी रिव्ह्यूचा रकाना मांडला, माझे ते चाळीस कमिट वेगळे काढले (तिसऱ्याचा सहावा झालो), आणि सोमवारी सकाळीच मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "पहिले आकडे वर गेलेत रे. पण हे दे, मीटिंगमध्ये बोलतो." बोलला की नाही, ते पत्र हातात पडल्यावरच कळेल.

दुपारी कँटीनमध्ये दादांना सगळं सांगून टाकलं. चिडतील असं वाटलं होतं. ते चहा ढवळत राहिले आणि म्हणाले, "मोजलंस ते मोजलंस. पण पाठवायच्या आधी एकदा विचारायचंस की रे."

कॉर्बेट अनोळखी माणसांना मेल पाठवून विचारत होते. माझ्यापासून दादांची खुर्ची आठ फुटांवर आहे.