शिंगरू : आहार व वाढ

शिंगराला भरपूर खुराक दिला की ते लवकर धिप्पाड होते, ही समजूत धोक्याची आहे. फाजील दाण्याने वजन हाडांच्या ताकदीपुढे धावते आणि सांधे बिघडतात. मुरूड तालुक्यातील काशीदच्या किनाऱ्यावर घोड्यांची सवारी चालते, आणि हा तालुका भातशेतीचा असल्याने तेथे शिंगरांसाठी भाताचा कोंडा सहज मिळतो. पण कोंड्यात फॉस्फरस भरमसाट, कॅल्शियम नगण्य. हे प्रमाण उलटले की शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढते आणि जबडा सुजतो. म्हणून आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दीडपट ते दुप्पट हवे. भाताचा पेंढा ही उणीव भरत नाही, त्यातील ऑक्झलेट उलट कॅल्शियम अडवते. लसूणघास ती भरतो, पण तो महाग पडतो, हा आक्षेप खरा. मात्र चुनखडीची भुकटी स्वस्त आहे. साधारण सहाव्या महिन्यात दूध तुटल्यावर ही काळजी सर्वाधिक लागते, कारण तेव्हा प्रथिनेही चाऱ्या-खुराकातूनच पुरवावी लागतात.