एमजीबीचा क्लच

एमजीबी गाडीची क्लचप्लेट बदलायची म्हटली की मी आधी इंजिन उचलायची साखळी काढतो. इंजिन बाहेर घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात अशा ५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिथल्याच जुन्या टी-मालिकेत पेडलचा जोर दांडी नाहीतर केबल क्लचपर्यंत नेई. १९५५च्या एमजीएपासून ते काम ब्रेक ऑइलकडे आलं. रिलीज बेअरिंग मात्र ग्रॅफाइटचंच राहिलं, म्हणून पेडलवर पाय टेकवून चालवणाऱ्याचं ते लवकर झिजतं. जोडणी झाल्यावर ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं: हेल्पर पेडल दाबतो, मी निपल सैल करतो, पेडल सुटण्याआधी आवळतो. हवा राहिली तर तीच दबते, क्लच सुटत नाही आणि गिअर खरखरतो.