‘मॉरिस’ची दोन सालं: कादंबरी कधीची मानायची?

संशोधनाकडे वळायचं ठरवलं असेल तर आज एक कोडं घ्या. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ मध्ये आली. तो वारला १९७० मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी. मधल्या ४६ वर्षांत त्याची एकही नवी कादंबरी छापली गेली नाही. मग लेखणी आटली असं म्हणायचं का?

उत्तराचा मोठा भाग टेबलाच्या खणात होता. १९१३ मध्ये, पहिल्या भारतभेटीहून परतल्यावर, फॉर्स्टर एडवर्ड कार्पेंटर या विचारवंताला भेटला आणि त्याने ‘मॉरिस’ लिहायला घेतली. १९१४ मध्ये ती पूर्ण झाली. केंब्रिजमध्ये शिकलेला मॉरिस आधी वर्गमित्र क्लाइव्हच्या प्रेमात पडतो. पुढे ॲलेक नावाचा, इस्टेटीवर नोकरी करणारा तरुण त्याला भेटतो. शेवटी दोघं एकत्र राहायचं ठरवतात.

खरी अडचण या सुखान्ताचीच होती. १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवले होते आणि त्याखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली होती. नायकाने शेवटी जीव दिला असता तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, हे फॉर्स्टरला पक्कं ठाऊक होतं. पण शेवट बदलायला तो तयार नव्हता. म्हणून हस्तलिखित फक्त विश्वासातल्या मित्रांमध्ये फिरत राहिलं. इंग्लंडात कायदा १९६७ मध्ये बदलला, तरीही त्याने ते छापलं नाही. पुस्तक आलं १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

आता सांगा, ही कादंबरी कधीची? ग्रंथालयाच्या नोंदीत १९७१ दिसेल. त्या सालात ठेवली तर ती जुनाट वाटते. १९१४ मध्ये ठेवली तर तिचं धाडस कळतं. पण १९१४ हेही पूर्ण उत्तर नाही, कारण फॉर्स्टरने तिच्यावर १९३२ च्या सुमारास आणि पुन्हा १९५९-६० मध्ये हात फिरवला. मी विज्ञान शाखेतला, म्हणून मला हे खडकाच्या थरांसारखं वाटतं. एकच नमुना, पण थर वेगवेगळ्या काळांचे. तेव्हा पुस्तक हातात घेताना तीन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवा: लिहिलं कधी, बदललं कधी, छापलं कधी.

दुसरा धडा आपल्या ओळखीच्या जागेतला आहे. १९२१ मध्ये फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता. तिथली गोकुळाष्टमी त्याने पाहिली आणि ‘पॅसेज’च्या शेवटच्या भागात ती तुकारामाच्या नावासकट उतरली. या दिवसांवरचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये आलं. त्यात एक गोष्ट नाही. दरबारातल्या कनैया नावाच्या न्हाव्याशी आलेल्या संबंधांचं टिपण फॉर्स्टरने वेगळं ठेवलं होतं. ते १९८३ मध्ये छापलं गेलं. सत्ता हातात असल्यावर आपण किती क्रूर झालो, हेही त्यात आहे.

इथे जरा थांबा. इंग्लंडात कायद्याला भिऊन वावरणारा हाच माणूस देवासात साहेब होता. नुसती ‘मॉरिस’ वाचली तर तो फक्त पीडित वाटेल, नुसतं टिपण वाचलं तर फक्त सत्ताधारी. दोन्ही शेजारी ठेवा. आणि कनैयाबद्दल आपण जे वाचतो ते फॉर्स्टरच्या हातचं आहे, हे विसरू नका.

शेवटचा मुद्दा. १९२२ मध्ये फॉर्स्टरने अशा विषयावरच्या आपल्या काही कथा जाळून टाकल्या. प्रयोगशाळेत आपण शिकतो की यंत्राच्या मर्यादेखालचं प्रमाण मोजता येत नाही, म्हणून ते शून्य लिहायचं नसतं. इतिहासातही तोच नियम पाळा. ‘त्या काळी असं साहित्य नव्हतं’ हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी विचारा: नव्हतं, की छापलं नव्हतं, की जाळलं गेलं? या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. त्यातल्या तिसऱ्याचं उत्तर कधीकधी फक्त एखाद्या डायरीतल्या नोंदीत सापडतं.