माळवद ते पत्रा : तुळजापूर परिसरातील छप्पर आणि वादळवारा

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या तुळजापूर परिसरातील पारंपरिक घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंतींचे माळवद होय. लाकडी तुळयांवर मातीचा जड थर असलेले हे छप्पर वादळवाऱ्याला दाद देत नसे. मात्र ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक अशाच घरांखाली गाडली गेली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत माळवदाची धास्ती बसली आणि हलका पत्रा जवळचा वाटू लागला.

परंतु भूकंपात तारक ठरणारा हलकेपणा वादळात मारक ठरतो. वारा पत्रा वर उचलतो. त्यावर ठेवलेले दगड त्याला रोखू शकत नाहीत, उलट घरातील माणसांवरच कोसळतात. असे संकट केवळ पावसाळ्यापुरते नाही, हे फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील वादळी पाऊस व गारपिटीने मराठवाड्यास दाखवून दिले.

तात्पर्य, एका आपत्तीने दिलेला धडा दुसरीसाठी अपुरा पडतो. वासे भिंतीत जखडून पत्रा हूक-बोल्टने त्यांना आवळणे, मगच दगड उतरवणे आणि वादळात झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत आसरा घेणे, हाच सुरक्षिततेचा मार्ग होय.