खाडीकाठचे भिवंडी शहर

भिवंडी म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : यंत्रमाग आणि दंगल. दोन्ही खऱ्या आहेत. पण हे शहर कसे घडले, हे त्यातून समजत नाही.

ठाणे जिल्ह्यात, कामवारी नदीच्या काठी हे गाव वसले. नदी खाडीला मिळते आणि खाडी समुद्राला. एके काळी गलबते इथपर्यंत येत असत. शेजारच्या कल्याणशी भिवंडीची जोडी फार जुनी, म्हणून इतिहासात 'कल्याण-भिवंडी' असाच उल्लेख येतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी आदिलशाहीकडून घेतली, आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवातही याच खाडीच्या परिसरात झाली. भात आणि लाकडाच्या व्यापारावर येथील कोकणी मुसलमान घराणी नांदली. आसपासच्या खेड्यांत आगरी व कुणबी शेतकरी होते.

पुढे खाडी गाळाने भरत गेली. त्यातच १८५४ मध्ये आगगाडी ठाण्याहून कल्याणला पोहोचली. भिवंडी बाजूलाच राहिली! कल्याण मोठे जंक्शन झाले, आणि भिवंडीच्या वाट्याला मुंबई-आग्रा रस्ता तेवढा उरला. दिवा-वसई मार्गावर 'भिवंडी रोड' स्टेशन झाले खरे, पण फार उशिरा, आणि तेही गावाबाहेर.

या मागे पडलेल्या गावाला तारले ते विणकरांनी. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन अन्सारी कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. त्यांतील कित्येक मालेगावात, तर कित्येक येथे थांबली, अशी त्यांच्यात परंपरा सांगतात. प्रथम हातमाग होते. वीज आल्यावर, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग येथे पुन्हा चालू लागले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तर प्रदेश व बिहारमधून मजूर आले. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप झाला, तेव्हा तर पुष्कळ काम भिवंडीकडे वळले. सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचे आणि मजुरी मीटरवर, असा हा धंदा. घरापासून दूर राहणारा कामगार 'बिस्सी'त, म्हणजे महिन्याच्या हिशेबाच्या खानावळीत, जेवतो. या शहराचा खरा इतिहास लिहायचा तर तो बिस्सीत बसून लिहावा, असे मला वाटते.

आता कटू भाग. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. घरांबरोबर मागही जळाले, आणि मागाला जात नसते. त्यानंतर, १९८८ च्या सुमारास, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एका मोहल्ल्यातील हिंदू, मुसलमान आणि त्या भागाचा पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. विषय साधे असत : गटार, भांडण, अफवा. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी मात्र शांत राहिली. वर्तमानपत्रांना दंगलीची बातमी मोठी वाटते, शांततेची वाटत नाही. निदान आपल्या मुलांना तरी ही दुसरी बातमी आपण सांगितली पाहिजे.

कारभाराचे म्हणाल तर नगरपालिका इंग्रजी अमदानीतील, १८६० नंतरच्या दशकातली. डिसेंबर २००१ मध्ये तिची भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सात लाखांवर होती. २००७ मध्ये वीजवाटप खाजगी कंपनीकडे सोपवले गेले. असा प्रयोग देशात प्रथम येथेच झाला. विजेचे दर आणि सुताचे भाव यांत सापडून पुढे कित्येक माग भंगारात गेले.

नवा धंदा गोदामांचा. मात्र काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली ही गोदामांची गावे महापालिका हद्दीच्या बाहेर आहेत. तेथे ग्रामपंचायती. म्हणजे वाहतुकीचा बोजा शहराच्या रस्त्यांवर आणि घरपट्टी दुसऱ्याच दप्तरात! पाण्याचेही काहीसे असेच. मुंबईला जाणारे भातसाचे पाणी याच तालुक्यात, पिसे येथे उपसले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. शहराच्या कित्येक वस्त्यांत मात्र नळाला पाणी येण्याची वेळ पाहून बायका घरची कामे आखतात.